दोनशिक्षकी शाळेतल्या बाईंनी विचारायचं कोणाला?

कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा दोनशिक्षकी आहेत. एक वाडी इकडे, दुसरी सड्यापलीकडे, मध्ये व्हाळ किंवा खाडीचा फाटा. पट लहान, म्हणून पदं दोन. बाई पहिली-दुसरी घेतात, गुरुजी तिसरीपासूनचे वर्ग एकत्र बसवतात आणि मुख्याध्यापकाचा कारभारही त्यांच्याकडेच असतो. मोठ्या शाळेत मधल्या सुट्टीत सहज विचारलं जातं, "हातच्याची वजाबाकी तू कशी घेतलीस गं? माझी पोरं अडकलीत." वाडीवरच्या शाळेतही हाच प्रश्न पडतो, पण विचारायला माणूस नसतो. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्यातून एकदा भरते, आणि तिथेही बराच वेळ सूचना ऐकण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात जातो.

अशा शाळांत गेल्या काही वर्षांत टीव्ही आले, प्रोजेक्टर आले, टॅब आले. काही सरकारी योजनेतून, काही ग्रामपंचायतीकडून, काही गावच्या मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून दिलेले. देणाऱ्याने ते चालू-बंद कसे करायचे तेही दाखवलं. पण पडद्यावर चित्र लागलं म्हणजे मूल शिकलं असं होत नाही, हे वर्गात उभं राहणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळतं. त्यापुढचं शिकवू शकतात ते बहुतेक वेळा दुसरे शिक्षकच, आणि ते शेजारच्या वर्गात नसतील तर फोनवर असू शकतात. शिक्षकांचे ऑनलाइन समूह त्यासाठी हवेत. ते कशाने चालतात आणि कशाने बंद पडतात, ते जरा नीट पाहू.

नेमकं शिकायचं काय असतं?

शिक्षकाला विषय यावा आणि शिकवण्याची हातोटी असावी, एवढं पुरेसं आहे असं आपण धरून चालतो. १९८६ मध्ये ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने या दोन्हींच्या मधलं तिसरं ज्ञान दाखवून दिलं. अपूर्णांक स्वतःला येणं वेगळं, वर्ग सांभाळता येणं वेगळं, आणि चौथीतल्या मुलाला एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा का वाटतो हे ओळखता येणं वेगळं. (आठ हा चारापेक्षा मोठा, म्हणून वाटतो.) हे तिसरं ज्ञान पदवीबरोबर आपोआप येत नाही. ते शिकवता शिकवता येतं, आणि शिकवणाऱ्या दुसऱ्या माणसाशी बोलून लवकर येतं.

२००६ मध्ये पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी या मांडणीत तंत्रज्ञानाची भर घातली. ही मांडणी टीपॅक या नावाने ओळखली जाते. त्यांचं म्हणणं सोपं आहे: टॅब चालवता येणं ही एक गोष्ट, आणि हाच धडा, याच मुलांना, टॅब घेऊन कसा शिकवायचा हे कळणं ही अगदी दुसरी. पहिली गोष्ट अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात उरकते. दुसरी प्रत्येक घटकासाठी नव्याने कमवावी लागते, कारण अपूर्णांकाला जे चालतं ते कवितेला चालत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' नावाचा प्रकल्प आहे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. गणित-विज्ञानाची हलती, हाताळता येणारी चित्रं तिथे फुकट मिळतात, बऱ्याचशा चित्रांचं मराठी भाषांतरही झालेलं आहे, आणि एकदा उतरवून घेतली की ती इंटरनेटशिवाय चालतात. त्यात अपूर्णांकाचं एक आहे: छेद वाढवला की वर्तुळाचे तुकडे वाढतात, अंश वाढवला की तुकडे भरत जातात.

समजा, मंडणगडकडच्या एका बाईंनी हे टॅबवर वापरलं आणि शिक्षकांच्या समूहात लिहिलं: "चौथीला अपूर्णांकासाठी फेट दिलं. मुलं भराभर बटणं दाबतात, चित्र जुळलं की पुढे जातात. टॅबवर सगळं बरोबर. मग वहीत विचारलं, १/८ मोठा की १/४, तर सातातली पाच जणं १/८ म्हणाली. असं का होत असेल?"

पहिली चार उत्तरं ठरलेली: अंगठा, फूल, "छान उपक्रम मॅडम", पुन्हा अंगठा. पाचवं उत्तर कुडाळच्या एका गुरुजींचं: "ताई, बटण दाबायच्या आधी अंदाज लिहून घेता का? नुसतं दाबलं की मुलं चित्र जुळवतात, विचार करत नाहीत. मी वहीत आधी दोन्ही अपूर्णांकांची चित्रं काढायला लावतो. मग टॅब. मग 'तुझं का चुकलं' ते एका वाक्यात." त्यावर तिसऱ्या एका बाई लिहितात, "टॅब दोघांत एक द्या. एकटं मूल दाबत सुटतं, दोघं असली की आधी भांडतात आणि मग समजावतात." आणखी कोणी सुचवतं की टॅबच्या आधी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्यांना घड्या घालून घ्या, म्हणजे अख्खं तेवढंच राहतं आणि तुकडे बारीक होतात हे हाताला कळतं.

आणि चार दिवसांनी पहिल्या बाई परत येतात: "घड्या आणि अंदाज, दोन्ही करून पाहिलं. एक मुलगी आपण होऊन म्हणाली, 'बाई, जास्त जणांत वाटलं तर वाट्याला कमीच येणार.' तीन जण सुटले, दोघं अजून अडकलेत. १/४ आणि २/८ समोर ठेवले की पुन्हा गोंधळ."

माझ्या मते समूहाचा जीव या शेवटच्या निरोपात आहे. प्रश्न नेमका होता: कोणता घटक, किती मुलं, काय केलं, काय फसलं. उत्तर देणाऱ्याने व्हिडिओची लिंक फेकली नाही, वर्गात काय घडत असेल याचा विचार केला. विचारणारीने ते करून पाहिलं आणि निकाल आणून ठेवला, न सुटलेल्या दोघांसकट. ही फेरी पूर्ण झाली तेव्हा निरोप वाचणाऱ्या बाकी सगळ्यांनाही शिकायला मिळालं, ज्यांनी एक अक्षर लिहिलं नाही त्यांनासुद्धा. गुरुजींनी सुचवलेली पद्धत नवी नाही. आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण असा हा क्रम ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गनस्टोन यांनी विज्ञानशिक्षणात रुजवला. पण बाईंपर्यंत ती त्यांच्या अडचणीचं उत्तर म्हणून पोहोचली, म्हणून ती राहील.

मग सरकारी प्रशिक्षणाचं काय?

ते नको असं मला अजिबात म्हणायचं नाही. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ आलं, पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमधून धड्याला जोडलेलं साहित्य मिळू लागलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये 'निष्ठा' हा देशभरातल्या प्राथमिक शिक्षकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, आणि कोविडमुळे २०२० च्या ऑक्टोबरपासून तो दीक्षावर ऑनलाइन गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं.

याचा फायदा खरा आहे. पूर्वी प्रशिक्षण राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तिथून केंद्राला असं उतरायचं आणि प्रत्येक पायरीवर थोडं पातळ व्हायचं. देवगडच्या शिक्षकापर्यंत आता तेच पोहोचतं जे पुण्यातल्या शिक्षकापर्यंत पोहोचतं, आणि त्यासाठी एसटीने दिवस घालवावा लागत नाही.

अडचण पुढे आहे. व्हिडिओ पाहिला, प्रश्नावली सोडवली, प्रमाणपत्र आलं. सोमवारी वर्गात काय बदललं हे विचारणारं त्यात कोणी नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून शिक्षक-प्रशिक्षणाचा हाच प्रश्न तपासला. त्यांना आढळलं की सिद्धांत सांगितला, प्रात्यक्षिक दाखवलं, सराव करून घेतला तरी नवी पद्धत रोजच्या वर्गात फारशी उतरत नाही. ती उतरते ती सहकारी सोबतीला असला, वर्गात काय झालं याबद्दल तो पुन्हा पुन्हा बोलला, तर. दोनशिक्षकी शाळेत हा सहकारी कुठून आणायचा? मंडणगडच्या बाईंना तो कुडाळला सापडला. प्रशिक्षणाने बी द्यावं आणि समूहाने ते वाढवावं, अशी दोघांची कामं वेगळी आहेत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतं.

माणसं एकमेकांत राहून कशी शिकतात याची सर्वांत उपयोगी मांडणी जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांची, १९९१ सालची. लायबेरियातले शिंपी, मेक्सिकोतल्या सुईणी असे काम करणारे गट पाहून त्यांनी म्हटलं की नवखा माणूस आधी कडेला असतो, खऱ्या कामातलं छोटं काम करतो, आणि हळूहळू आत सरकतो. आपल्याकडे मच्छीमार बोटीवर नवीन गेलेल्या पोराला कोणी वर्ग घेऊन शिकवत नाही. तो मासळी निवडतो, जाळं आवरतो, तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, वाऱ्याकडे कसा बघतो ते बघत राहतो. शिक्षकांच्या समूहातही गप्प वाचत बसलेला नवा शिक्षक रिकामा बसलेला नसतो. मात्र त्याला आत यायची वाट मोकळी हवी.

एकट्या शाळेला न जमणारं काम

समूहाचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो, आणि कोकणाला तो खास लागू आहे: एका शाळेला कधीच करता येणार नाही असं काम दहा शाळांनी मिळून करणं.

भरती-ओहोटी घ्या. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांकडे भरतीची वेळ काढायचं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ढोबळ आहे, पण त्यामागे पक्कं कारण आहे. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्याने भरती रोज साधारण ५० मिनिटांनी उशिरा येते, आणि पाऊण तास त्याच्या जवळच आहे. पाऊणपट म्हणजे तीन चतुर्थांश. गणिताचा आणि परिसर अभ्यासाचा धडा एकाच जेटीवर भेटतो.

आता डहाणू, श्रीवर्धन, गुहागर आणि मालवण इथल्या शाळांनी ठरवून एकाच दिवशी मोजमाप केलं तर? पावसाळा सोडून पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडायचा. तेव्हा उधाणाची भरती दुपारच्या सुमारास, शाळेच्या वेळेतच येते. जेटीच्या खांबावर खुणा करायच्या, दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठे आहे ते लिहायचं, सोबत गावातलं कोणी जाणतं माणूस ठेवायचं. आकडे सगळ्यांना दिसणाऱ्या एकाच ऑनलाइन तक्त्यात भरायचे. ओहोटीची नोंद सकाळी किंवा संध्याकाळी गुरुजींनीच घ्यावी, मुलांना पाण्याकडे न्यायची गरज नाही.

तक्ता भरला की मुलांना आणि शिक्षकांना एक गोष्ट दिसेल जी कोणा एका गावातून दिसत नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तशी भरती आणि ओहोटी यांच्यातली तफावत वाढत जाते. मुंबईकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं, सिंधुदुर्गाकडे त्याच्या साधारण निम्मं. उत्तरेकडे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र रुंद होत जातो आणि पुढे खंबातचं आखात निमुळतं होतं, त्यामुळे पाणी उंच चढतं. आणि एखाद्या शाळेची भरतीची वेळ बाकीच्यांपेक्षा बरीच उशिरा आली, तर समूहात चर्चा होईल, मोजण्यात चूक झाली का? मग कळेल की त्या शाळेने खाडीच्या बऱ्याच आतल्या धक्क्यावर मोजलं होतं, आणि भरतीला खाडीत आत पोहोचायला वेळ लागतो. न जुळणाऱ्या आकड्यावर सहकाऱ्यांशी वाद घालताना शिक्षक तक्ता वापरायला शिकतो, आलेख काढायला शिकतो आणि निरीक्षण कसं आखायचं तेही शिकतो. 'स्प्रेडशीटचे प्रशिक्षण' असा वेगळा दिवस त्याला लागत नाही.

समूह बंद का पडतात?

शिक्षकांच्या फोनवर समूहांची कमतरता नाही. शाळेचा, केंद्राचा, तालुक्याचा, संघटनेचा, पोषण आहाराचा, शाळेची सरकारी माहिती भरायच्या यू-डायसचा. बहुतेकांत एकाच दिशेने वाहतूक चालते: "आज दुपारी २ पर्यंत माहिती सादर करावी." हे समूह गरजेचे असतील, पण ते शिकण्याचे समूह नव्हेत, आणि त्यांच्यातच शिकण्याची चर्चा घुसवली की ती मरते.

कारण साधं आहे. ज्या समूहात वरिष्ठ अधिकारी आहेत तिथे "माझ्या वर्गातल्या पाच जणांना अपूर्णांक आले नाहीत" असं कोण लिहील? उद्या तेच तपासणीत विचारलं जाईल ही भीती असते, आणि ती उगाच नसते. मग समूहात फक्त यश दिसतं, सजवलेले फलक आणि टाळ्या वाजवणारी मुलं. न फसलेल्या धड्यांच्या फोटोंतून कोणाला काही शिकता येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की शिकण्याचा समूह प्रशासनाच्या समूहापासून वेगळा हवा, आणि तिथे केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी यायचेच असतील तर त्यांनी पहिला फसलेला धडा स्वतःचा सांगावा. असे अधिकारी आहेत, आणि त्यांच्या केंद्रात बोलणं मोकळं असतं.

दुसरं कारण संख्येचं. वापर-सुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सतत लिहितो. हजाराच्या समूहात लिहिणारे तेच दहा-वीस राहतात आणि बाकीच्यांना तो त्यांचाच अड्डा वाटू लागतो. त्यापेक्षा एकाच इयत्तेचे किंवा विषयाचे तीस-चाळीस शिक्षक, वेगवेगळ्या तालुक्यांतले, हे माप मला बरं वाटतं. एकमेकांची शाळा, पट, अडचण लक्षात राहते.

तिसरं, चांगलं उत्तर गाडलं जातं. कुडाळच्या गुरुजींचा सल्ला दोन दिवसांत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली जातो, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा येतो. म्हणून समूहाला संपादक लागतो: महिन्याच्या शेवटी दोन-तीन चांगल्या चर्चा उचलून एका सामायिक फाईलमध्ये घटकवार ठेवणारा. हे काम आलटून पालटून करावं. कर्नाटकात 'सब्जेक्ट टीचर फोरम' या उपक्रमाने माध्यमिक शिक्षकांना विषयवार ऑनलाइन जोडलं, आणि सोबत कन्नडमधलं मुक्त शैक्षणिक साहित्यही उभं राहिलं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एमआयटीसोबत २०१५ पासून चालवलेल्या 'क्लिक्स' प्रकल्पात राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोराममधल्या शिक्षकांचे मोबाईलवरचे समूह टेलिग्रामवर होते. त्या प्रकल्पाला २०१७ चा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे समूह नुसता उघडून सोडून दिला नव्हता. सोबत कार्यशाळा होत्या, चर्चा पुढे नेणारी माणसं होती.

कोकणात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. पावसाळ्यात वीज जाते आणि टॉवर बंद पडतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, रायगडात आणि दापोली-मंडणगडमध्ये विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. राज्यभर शाळा ऑनलाइन कशा करायच्या याची चर्चा नेमकी त्याच महिन्यात चालू होती. म्हणून इथला समूह हलका असावा. आधी मजकूर, मग आवाजी निरोप, मग लहान फोटो. व्हिडिओ अगदी गरज असेल तरच. ठरलेल्या वेळेची ऑनलाइन बैठक महिन्यातून एकदा पुरे, कारण रेंजसाठी सड्यावर जाऊन उभं राहणाऱ्या शिक्षकाला ती दर आठवड्याला जमणार नाही. जिथे रेंज मिळेल तिथे दीक्षावरचं साहित्य उतरवून ठेवता येतं आणि नंतर इंटरनेटशिवाय वापरता येतं, ही सोय फार कमी वापरली जाते असं मला दिसतं.

मुलांच्या बाबतीत मात्र सैल राहू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे. चर्चेला मुलाचा चेहरा लागत नाही. वहीचं पान पुरतं, नाव झाकून. तसंच दुसऱ्याच्या पुस्तकाच्या पीडीएफ फिरवण्यापेक्षा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असलेलं साहित्य घ्यावं. तिथे वापरायची, आणि बहुतेक वेळा बदलायचीही, परवानगी उघड लिहिलेली असते. मालवणी बोलणाऱ्या मुलांसाठी एखादं वाक्य बदलायचं तर ही परवानगी कामाला येते.

शेवटचा मुद्दा वेळेचा. असा समूह चालवणारे शिक्षक ते काम रात्री, स्वयंपाक-घरकाम आटोपून, स्वतःच्या डेटावर करतात, आणि यात बाईंची संख्या मोठी आहे. धोरणातल्या ५० तासांत हे तास धरले जायला हवेत. त्यासाठी हजेरीची गरज नाही. वर्षात तीन फेऱ्या पूर्ण केल्याची नोंद पुरे: मी हे विचारलं, हे सुचवलं गेलं, हे करून पाहिलं, हे झालं आणि हे अजून झालं नाही. प्रत्येकी एक पान. केंद्राच्या शिक्षण परिषदेत सूचनांच्या आधी यातली दोन पानं वाचली जावीत आणि त्यांवर अर्धा तास बोलणं व्हावं. केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं तर हे पुढच्याच परिषदेपासून सुरू करता येईल, त्याला वेगळ्या निधीची किंवा नव्या अॅपची गरज नाही.